फुलवालीचे हात

मी शाळेत भूगोल शिकवत असे आणि रविवारी फोटो काढत असे. त्या काळी नाशकात फोटो काढून घेणारे पुष्कळ होते, पण निव्वळ हौसेपायी स्वतः काढणारे फार थोडे. त्यातले आम्ही तिघे दर पंधरा दिवसांनी एकत्र जमायचो. एक डॉक्टर, एक तारबाबू आणि मी.

डॉक्टरांचा दवाखाना मेन रोडला होता. रविवारी दुपारी तो बंद असे आणि वरच्या मजल्यावरची लांबट खोली आमच्या ताब्यात येई. शेजारच्या कोठीला काळे पडदे लावून त्यांनी डार्करूम केली होती, आणि फोटो मोठा करायचं यंत्र खास मुंबईहून मागवलं होतं. यंत्र त्यांचं, पण वापरायचो आम्ही सगळेच. तारबाबू मनमाडला रेल्वेच्या तार ऑफिसात होते. सकाळच्या पॅसेंजरनं नाशिक रोडला उतरून टांग्यानं गावात येत. काखेत पुठ्ठ्याची एक फाईल, तिच्यात पंधरवड्यातले फोटो. इंजिनं, रूळ, वाफ, पाण्याचे उंच नळ. नोकरीची सवय म्हणून की काय, माणूस मोजून शब्द वापरी.

आमच्या बैठकीचे नियम त्यांनीच घालून दिले होते. फोटो टेबलावर भिंतीला टेकवून उभा करायचा. ज्याचा फोटो असेल त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी आधी काय दिसतं ते सांगायचं, मग काय खटकतं ते, आणि शेवटी काय करता येईल ते. ‘छान आहे’ असं म्हणायला बंदी होती.

“छान म्हटलं की बोलणारा सुटतो,” ते म्हणत. “फोटो आहे तिथंच राहतो.”

मी त्यांना दाखवलेला पहिला फोटो गोदावरीवरच्या रामकुंडाचा होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, गंगा सांडते आहे.” मी पाहिलं तर खरंच, पाण्याची कड एका बाजूला चांगली बोटभर कलली होती. त्यानंतर आजतागायत मी कॅमेरा डोळ्याला लावला की आधी पाणी सांडत नाही ना ते बघतो.

आमच्या बैठकीला आणखी एक गृहस्थ येत, पण ते बसत नसत. भद्रकालीत त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. वह्या, कचेरीची रजिस्टरं, पोथ्या, कुराणाच्या प्रती, सगळं त्यांच्याकडे बांधायला येई. आमचे फोटो तेच पुठ्ठ्यावर चिकटवून, भोवती नेमकी चौकट कापून देत. वयानं आमच्याहून बरेच मोठे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रविवारी तयार झालेले फोटो कापडात गुंडाळून आणायचे, दाराशी उभं राहून द्यायचे, पुढचे घ्यायचे आणि जायचं, असा त्यांचा रिवाज होता. त्यांना बसा म्हणावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता मी एक फोटो काढला. रविवार कारंजा चौकात, कारंज्याच्या खाली रोज सकाळी एक बाई फुलं घेऊन बसे. मखमलाबादकडच्या मळ्यातून डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. शेवंती, झेंडू, निशिगंध. त्या दिवशी कोवळं ऊन नेमकं तिच्या पाटीवर पडलं होतं. मी समोरच्या दुकानाच्या ओट्यावर चढलो, कॅमेरा उघडला, खटका दाबला आणि तिनं काही म्हणायच्या आत चालू लागलो.

फोटो धुऊन निघाला तेव्हा मी हरखून गेलो. एकेक पाकळी मोजता येत होती. बाईच्या चेहऱ्यावर निम्मं ऊन, निम्मी सावली. डॉक्टरांनी मोठ्या कागदावर छापून दिला, चाचांकडे चौकटीला गेला, आणि पुढच्या बैठकीला चाचा तो घेऊन आले.

मी तो टेबलावर उभा केला. डॉक्टर तर नियमच विसरले. “वा! हा मुंबईच्या प्रदर्शनाला जायलाच पाहिजे!” ते म्हणाले. तारबाबूंनी चष्मा पुसला, जवळ गेले, मागे आले. पाकळ्या स्वच्छ आल्या आहेत म्हणाले. मग पुन्हा जवळ गेले. काहीतरी त्यांना खटकत होतं, पण सापडत नव्हतं. त्यांनी सहज दाराकडे पाहिलं.

“चाचा, हा फोटो दोन दिवस तुमच्याजवळ होता. तुम्हाला काय वाटतं?”

चाचा आधी माझ्याकडे पाहून संकोचले. “मी काय सांगणार, बाबूजी?”

“जे दिसतं ते.”

चाचा दोन पावलं आत आले. “फुलं फार सुरेख आलीत,” ते म्हणाले. “पण मास्तरसाहेब, बाई तुम्हाला ओळखत नाही. घाबरलीय ती. शिपाई हुसकायला आला की जशी बघेल, तशी बघतेय. आणि हिचे हात राहिलेत बाहेर. माळ ओवणाऱ्या बाईचे हातच नाहीत.”

नियमाप्रमाणे मी गप्प बसायला हवं होतं. मी बसलो नाही. मी बोलून गेलो, “चाचा, तुम्ही कधी कॅमेरा हातात धरला आहे का?”

“नाही, साहेब,” ते म्हणाले. शांतपणे कापडाची घडी केली, नवे फोटो घेतले आणि जिना उतरून गेले.

तारबाबू म्हणाले, “मास्तर, आपण तिघे तुमची मेहनत बघत होतो. फोटो त्यांनी पाहिला.”

मी पुढच्या बैठकीला गेलो नाही. डोकं दुखतंय असा निरोप पाठवला. तो फोटो मी घरी टेबलावर ठेवला होता, आणि रोज शाळेतून आलो की त्याच्याकडे बघत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मला फुलं दिसायची बंद झाली. फक्त ते डोळे दिसू लागले. अगदी चाचा म्हणाले होते तसे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी फोटो कागदात गुंडाळून मी कारंज्यावर गेलो. बाई आपल्या जागेवर होती. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, “मावशी, मी शाळेत मास्तर आहे. मागं तुम्हाला न विचारता तुमचा फोटो काढला. तो दाखवायला आणलाय.”

तिनं हात लुगड्याला पुसले आणि फोटो घेतला. आधी उलटा धरला, मग सुलटा.

“ही मी हाय?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन् मी अशी का बघती? कोन पाटी उचलून न्यायला आल्यावानी?” ती मोठ्यानं हसली, आणि मग एकदम तिची भिवई चढली. “आवो मास्तर, माझे हात कुठं गेले? हात नाय तर मग माळा कोन करतंय?”

कॅमेऱ्याची माहिती नसलेल्या दोन माणसांनी, एकमेकांना न भेटता, तीच दोन वाक्यं मला सांगितली होती.

तिथून मी सरळ भद्रकालीत गेलो. चाचा एका जाड रजिस्टराच्या पाठीला खळ लावत बसले होते.

“चाचा, त्या दिवशी मी फार चुकीचं बोललो.”

“बसा, बसा,” ते म्हणाले. “एवढं उरकू द्या, नाहीतर खळ वाळेल.”

त्यांनी रजिस्टर दाबाखाली ठेवलं, हात धुतले आणि समोर येऊन बसले. “तुम्ही बोललात ते खोटं कुठं होतं? मी कॅमेरा धरलेला नाहीच. पण गावातले सगळे स्टुडिओवाले माझ्याकडे फोटो पाठवतात. वीस वर्षं झाली. लग्नातले, शाळेतले, साहेबलोकांचे. काय कापायचं ते बघता बघता काय ठेवायचं ते कळत गेलं.”

त्यांनी फळीवरून पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढल्या. माझा फोटो समोर ठेवला आणि त्या दोन पट्ट्यांची चौकट करून ती त्याच्यावर फिरवू लागले. कधी लहान, कधी मोठी, कधी डावीकडे. प्रत्येक वेळी वेगळाच फोटो दिसे. “बघा, इथं फक्त फुलं ठेवली तर चांगली तसबीर होते. पण बाई ठेवायची तर हात पाहिजेत. आणि हात माझ्याकडे कापायलाही नाहीत, जोडायलाही नाहीत. ते तुम्हालाच आणावे लागतील.”

इतकं सरळ, इतकं उपयोगाचं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा राग सोसून सांगितलं, ही गोष्ट वेगळीच.

त्यानंतरच्या बैठकीला मी त्यांना बरोबर घेऊनच गेलो. डॉक्टरांनी स्वतः उठून खुर्ची दिली. चाचा आधी खुर्चीच्या कडेला टेकले, मग नीट बसले. त्या दिवसापासून आम्ही चौघे झालो.

मी माझी अडचण मांडली. फिल्म मंद, उजेड टिपायला वेळ घेणारी; बाईचे हात सारखे चालणार. फोटोत ते पुसट येतील. डॉक्टर म्हणाले, बाईला हात थांबवायला सांगा. चाचांनी मान हलवली. “थांबवलेले हात कळतात, डॉक्टरसाहेब.”

तारबाबू डोळे मिटून बोटांनी टेबलावर काहीतरी वाजवत होते. “मास्तर, माळ करताना दोरा आवळावा लागतो ना? आवळताना हात आपोआप थांबतो. क्षणभरच. तेव्हा दाबा.”

मग मी महिनाभर कारंज्यावर जात राहिलो. पहिले काही दिवस कॅमेरा नेलाच नाही. बाई केळीच्या सोपटाचा ओला दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायची, दोन फुलं इकडे, दोन तिकडे, एक वेढा आणि गाठ. मला शिकवायचा प्रयत्न केला. माझी माळ हातात धरताच सुटली, तेव्हा शेजारच्या भाजीवाल्याही हसल्या. गाठ आवळताना ती खालचा ओठ दातांत धरते, हे मला आठवड्यानं कळलं. मग ओठ दिसला की मी मनातल्या मनात खटका दाबायचा सराव करू लागलो.

एका सकाळी कॅमेरा नेला. तिच्या समोरच्या पायरीवर बसलो, तिच्या हातांच्या उंचीवर. ती शेजारणीशी सुनेविषयी काहीतरी बोलत होती आणि मला विसरली होती. ओठ दातांत गेला, मी दाबलं.

तो फोटो मी बैठकीत टेबलावर उभा केला. हात मधोमध होते, दोरा ताणलेला, बोटांना हळदीसारखा झेंडूचा रंग लागलेला आहे हे काळ्यापांढऱ्यातही समजत होतं. चेहरा वर किंचित सावलीत, आपल्याच बोलण्यात रमलेला. चाचांनी खिशातून त्या दोन पट्ट्या काढल्या, चौकट फोटोवर धरली, एकदा फिरवली आणि परत खिशात ठेवली.

“इथं कापायला काही नाही,” ते म्हणाले.

तारबाबूंना मात्र खालचा भाग फार काळा वाटला. त्यांचं बरोबर होतं. आम्ही चौघे कोठीत शिरलो. डॉक्टरांनी हाताच्या सावलीनं तेवढ्या भागावरचा उजेड अडवला, तारबाबू सेकंद मोजत होते, आणि तिसऱ्या कागदावर पाटीची वीणसुद्धा उमटली.

फोटो मुंबईला प्रदर्शनाला पाठवला. दीड महिन्यानं परत आला, सोबत ‘निवड झाली नाही’ एवढी छापील चिठ्ठी. डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त चिडले. तारबाबूंनी चिठ्ठी मागून-पुढून पाहिली. “कारण लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “बिनकारणाचं मत आपल्या टेबलावर चालत नाही.” आणि त्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारून पुढचा फोटो लावला.

एक प्रत मी बाईला दिली. ती तिनं शेजारणींना दाखवली, प्रत्येकीनं हात पुसूनच धरली. चांगला आहे की नाही, काही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तिथून जात होतो तेव्हा तिनं हाक मारली आणि शेवंतीची एक वेणी माझ्या हातात ठेवली. “घरी द्या,” म्हणाली. आमच्या घरी ती वेणी माळली गेली, आणि माझ्या फोटोच्या वेडाबद्दलची कुरकुर बरीच कमी झाली.

पुढे तारबाबूंची बदली भुसावळला झाली. रविवारी येणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनीच मार्ग काढला. एका जाड पाकिटात त्यांचे फोटो यायचे, आम्ही त्यांच्या पाठीवर आपापलं मत लिहायचो, आमचे फोटो घालायचो आणि पाकीट परत पाठवायचो. डॉक्टरांचं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखंच, ते मला खाली पुन्हा लिहावं लागे. चाचा लिहीत नसत. पातळ कागद फोटोवर ठेवून त्यावर पेन्सिलीनं दोन रेघा ओढत. तारबाबूंनी एकदा मला लिहिलं, ‘तुमचं अर्धं पान वाचलं. चाचांच्या दोन रेघांनी काम झालं.’ मला वाईट वाटलं नाही.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि फिल्म मिळेनाशी झाली. पाकीट महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागलं. एकदा आलं तर आत एकच फोटो होता, तोही चार वर्षांपूर्वीचा. पाण्याच्या नळाखाली उभं इंजिन. आम्ही सगळ्यांनी तेव्हा त्याची भरपूर चिरफाड केली होती. मागे तारबाबूंनी लिहिलं होतं: ‘फिल्म नाही. जुना पाठवतो. पुन्हा बघा, तेव्हा काही सुटलं असेल.’

डॉक्टर, चाचा आणि मी तो फोटो टेबलावर उभा करून बसलो. पाऊण तास गेला. मग चाचांनी चौकट अगदी उजव्या कोपऱ्यात नेली आणि आम्हाला जवळ बोलावलं. वाफेच्या मागे, चाकाच्या सावलीत, रेल्वेचा एक खलाशी मजूर भाकरीचा घास तोंडाशी नेऊन थांबला होता आणि थेट आमच्याकडे बघत होता. चार वर्षं आम्हाला तो कुणालाच दिसला नव्हता.