अक्काला गाईड मिळाला

आख्ख्या नगर जिल्ह्यात ‘नाही’ हा शब्द कानात न शिरणारी एकच बाई आहे, आणि ती माझी आत्तेबहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. काष्टीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती मराठी शिकवते. दुकानदार ‘संपलं’ म्हणाला, की ती आत शिरून फळ्या बघते. कचेरीत ‘साहेब नाहीत’ म्हणाले, तर साहेब येईपर्यंत त्यांच्या दारात शेंगा सोलत बसते. शेहेचाळिसाव्या वर्षी तिने पीएच.डी. करायची ठरवली, तेव्हा आमच्यापैकी कोणीही तिला अडवायच्या भानगडीत पडलं नाही.

विषय तिने आधीच पक्का केला होता : बैलबाजारातल्या दलालांची भाषा. बाजारच्या दिवशी वही घेऊन ती दावणीपाशी उभी राहायची. एका म्हाताऱ्या दलालाने विचारलं, “बाई, बैल घ्यायचाय व्हय?”

“न्हाई बाबा, शब्द घ्यायचेत.”

“मग जरा बाजूला व्हा. मागचं गिऱ्हाईक बैलाचं हाय.”

प्रवेश परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. अडलं ते गाईडपाशी. यादीतल्या बहुतेक गाईडांकडच्या जागा भरलेल्या. एकांकडे जागा होती, पण त्यांची अट अशी, की विषय बदलून संतसाहित्य घ्या. अक्का म्हणाली, “सर, संत थांबतील. दलाल म्हातारे झालेत.” दुसरे नेवाशाचे. ते निवृत्तीला आलेले, त्यामुळे नियमाने नवा विद्यार्थी घेता येत नव्हता. तरी अक्का त्यांच्या घरी तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनीच सुचवलं, की नगरच्या संशोधन केंद्रात एका तरुण प्राध्यापकाला नुकतीच गाईड म्हणून मान्यता मिळालीय, त्याच्याकडे अजून कोणीच नाही. अक्काने अर्ज केला आणि विद्यापीठाच्या समितीने तिला त्याच्याकडे दिलं.

तो निघाला अक्काचाच विद्यार्थी. अकरावीत तिने त्याला मराठीत नापास केलं होतं. पहिल्या भेटीत तिला पाहून तो उठून उभा राहिला. तो आता ‘सर’, म्हणून हीही बसेना. शिपाई चहा घेऊन आला तरी दोघं उभीच.

“मॅडम, मी तुम्हाला काय मार्गदर्शन करणार?”

“ते तुम्ही बघा, सर. अकरावीत मी तुम्हाला विचारून शिकवलं नव्हतं.”

त्याने पहिलं प्रकरण ‘उत्तम’ असा शेरा मारून परत दिलं. दुसरंही तसंच. अक्का चिडली नाही, शांत झाली. ते जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन तिने नगर गाठलं आणि ती त्याच्यासमोर बसली. “तुम्हाला मी खोटं ‘उत्तम’ कधी दिलं नाही. मला का देता? असंच चालणार असेल, तर मी गाईड बदलून मागते.”

त्याने दोन्ही प्रकरणं परत मागून घेतली. मग म्हणाला, “आठवडाभर द्या, मॅडम.”

आठवड्याने मिळालेली पानं तिने नगरच्या स्टँडवरच उघडली. जागोजागी खुणा : पुरावा कुठे? हे कोण म्हणालं? एका आख्ख्या पानावर तर आडवी काट. आता ही तशीच माघारी फिरून भांडणार, असं मला वाटलं. आमची श्रीगोंद्याची गाडी लागली, भरली, निघूनही गेली; हिने मान वर केली नाही.

“पोरानं नीट वाचलंय,” शेवटी ती हळूच म्हणाली. “इतकी वर्षं दुसऱ्यांचं तपासतेय मी. माझं असं कुणी वाचलंच न्हाई.”

तिने पदराने चष्मा पुसला आणि ते काट मारलेलं पान पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.