पंप लावण्याआधीचा फोन

"लाइट बसी जाई. घाबरू नको." मोठा पंप चालू करण्याआधी आमचे ऑपरेटर भाऊ कंट्रोल रूममधून घरी फोन करून एवढंच म्हणायचे. पलीकडून त्यांची बायको, आमच्या अक्का, म्हणायच्या, "लाव." मगच भाऊ बटण दाबायचे.

मोटर लावताना घरातला दिवा मंदावलेला तुम्हीही पाहिला असेल. आमच्या वीज केंद्रातल्या मोटरी खोलीएवढ्या. सुरू होताना इतकी वीज ओढतात की व्होल्टेज खाली बसतं, आणि कॉलनीचा पुरवठा त्याच ट्रान्सफॉर्मरवर. अक्कांचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर. व्होल्टेज बसलं की ते बंद पडायचं. भाऊ आधी व्होल्टेज थोडं चढवून ठेवत, तरी भरवसा नको म्हणून फोन. अक्का नळी सिलिंडरला जोडून घेत आणि मग "लाव" म्हणत.

केंद्र अक्काच चालवतात, असं मी चिडवायचो. भाऊ म्हणत, "मग? तुनं घर कोन चालाडस?" हे ऐकून माझी बायको आजही खूश होते.

अक्का जळगावच्या दवाखान्यात वारल्या. तेराव्यानंतर भाऊ ड्यूटीवर आले, पंपाची वेळ झाली आणि त्यांनी फोन उचलला. घराला कुलूप होतं. आम्ही सगळे पॅनेलकडे बघत राहिलो. भाऊंनी ऐकलं, मान हलवली. "लाव म्हनस," म्हणाले आणि बटण दाबलं.

सवय आहे, जाईल हळूहळू, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

एका दुपारी मात्र त्यांनी फोन कानाला लावला तो काढलाच नाही. पंपाविना बॉयलरचं पाणी उतरत होतं, साहेब ओरडत होते. भाऊ म्हणाले, "ती नको म्हनस." शेवटी खाली माणूस पाठवला. तिथे मोटरच्या शाफ्टखाली हात घालून एक शहाणा आपला पडलेला चष्मा शोधत होता. तो शहाणा मी. खाली जाताना वर कळवायचं असतं, हे नव्या लोकांना मीच शिकवायचो.

त्यानंतर चिडवणं संपलं. भाऊ निवृत्त होऊन शिरपूरला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांचं क्वार्टर अजून बंदच आहे. त्यांच्या खुर्चीत आता मी. पंप लावण्याआधी त्या घराला रिंग देतो. मला कधी दिवसातून एक फोन केला का, असं बायको विचारते. रिंग वाजत राहते, मी फोन ठेवतो, बटण दाबतो.

परवा रिंग मध्येच थांबली. पलीकडे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू आली. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाइट बसी जाई. घाबरू नको."

उत्तर आलं. "लाव."

आवाज भाऊंचा होता.

शेजारचा ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

"लाव म्हनतस," म्हणालो आणि बटण दाबलं.