गोधडीखालचा चाफा

उन्हाळ्यात झाडांच्या बुडाशी आच्छादन घालावं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणून जळगावच्या एका डाळमिलमधून तुरीच्या टरफलांची पोती आणली. बायकोने धुळ्याहून मांडीवर धरून आणलेला सोनचाफा तेव्हा पानं टाकत होता. टरफलांचा जाड थर घालून, त्यावर ठिबकची नळी ऐटीत मांडून आठवडा झाला, तरी तो सुकतच चालला.

आणखी एक पोतं घेऊन आलेला लोडिंग रिक्षावाला साठीचा असावा. पोतं उतरवून तो चाफ्यापाशी उकिडवा बसला, टरफलं सारून मातीत बोट खुपसलं आणि ते कोरडं बोट मला दाखवलं.

"भाऊ, तुम्ही झाडले नही, गोधडीले पानी पाजी ऱ्हायनात."

मी पुस्तकाचा आधार दिला.

"पुस्तकले कुठे ऊन लागस!" तो हसला.

मग त्याने नळी टरफलांखाली मातीला टेकवली, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी केली, हात झटकले आणि गेला.

पंधरा दिवसांनी चाफ्याला कोवळी पानं आली.

"तुमचं वाचन एकदाचं उपयोगी पडलं," बायको म्हणाली.

श्रेय मुकाट्याने घ्यायची माझी तयारी होती, पण तोंडून खरं निघून गेलं.

"मग त्यांना चहा तरी विचारलात का?"

विचारला नव्हता. नावही विचारलं नव्हतं.

आता टरफलांची पोती नेणारी रिक्षा दिसली की मी हात करून थांबवतो. तो अजून भेटलेला नाही. तीन भलत्याच रिक्षावाल्यांनी मात्र आमच्याकडे चहा घेतला आहे.