मामांचं विज्ञाननगर

आमच्या मामेसासऱ्यांना, म्हणजे बायकोच्या मामांना, मोकळी जागा कधी मोकळी दिसलीच नाही. लग्नाच्या पंगतीत बसवलं तरी दोन ओळींमधून वाढपी कसा जावा, याचा नकाशा ते वरणाच्या बोटाने पत्रावळीवर काढत. उभी नोकरी जवाहरनगरला, कारखान्याचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त होऊन ते लाखांदूरजवळच्या आपल्या गावी परतले आणि थोड्याच दिवसांत बातमी आली, की धानावर आणि तळ्यातल्या मासोळीवर संशोधन करणारं मोठं केंद्र या भागात येण्याची शक्यता आहे. 'शक्यता' हा शब्द मामांनी ऐकलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विज्ञाननगर आखायला बसले.

नुसत्या प्रयोगशाळा नव्हेत, त्यांच्याभोवती अख्खं नगर. शास्त्रज्ञ पायी कामावर जातील, सांडपाणी गाळून धानाला मिळेल, छपरांवर वीज तयार होईल आणि शेतात राबणाऱ्याची पोरगी त्याच सावलीच्या रस्त्याने शाळेत जाईल. ही सावली आखण्यासाठी मामा मे महिन्यात भर दुपारी बिनछत्रीचे फिरत. छत्री घेतली तर ऊन कुठे लागतं ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. एकदा तर एसटीला हात दाखवून त्यांनी कंडक्टरला थांबा कुठे सोयीचा पडेल ते विचारलं. कंडक्टरने गाव कोणतं विचारलं. मामा म्हणाले, "अजून व्हायचं हाय." मग प्रवाशांनीही आपापली मतं दिली आणि गाडीला बराच उशीर झाला.

मुख्य प्रयोगशाळा त्यांनी गावाबाहेरच्या एका खोलगट, कोरड्या जमिनीवर मांडली होती. तिथे टेप धरून उभे असताना मासेमारीवर घर चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना हटकलं. ही आमची बोडी आहे, उन्हाळ्यात तळं आटतं एवढंच, असं सांगून त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमच्या सायबायले पोहता येते ना?"

मामा घरी आले. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग खोडरबर घेऊन बसले. प्रयोगशाळा हलली तसे रस्ते हलले, घरं हलली, वर्षभराचं काम पुसलं गेलं. एवढं कोण बारकाईने बघणार आहे, असं मी म्हणालो.

"जवाईबापू, त्याइले नाही दिसन," ते म्हणाले, "पण मले तं दिसून राहिलं ना."

केंद्राच्या जागेसाठी भरलेल्या तालुक्याच्या सभेला ते नवा नकाशा आणि त्या बाईंना घेऊन गेले. बोलायला त्यांनाच पुढे केलं. पाणी कुठून येतं, मासोळी अंडी कुठे घालते, हे त्या सांगत होत्या. बाहेरून आलेला तरुण अधिकारी लिहून घेत होता आणि मामा पंधरा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे केंद्र दुसऱ्याच जिल्ह्यात गेलं. समजूत घालायला मी गावी गेलो, तर त्यांनी मला बांधावरून फिरायला नेलं. चालता चालता एका मोहाच्या झाडाशी थांबले.

"इथं पोरीइचं होस्टेल होतं," मामा म्हणाले.

'होणार होतं' नाही, 'होतं'. मी विचारलं, खिडक्या कोणत्या बाजूला होत्या? त्यांनी उगवतीकडे हात केला आणि बराच वेळ सांगत राहिले.