पाढ्याला एक बेदाणा

नात कराडला बी.एड. करते. परवा सुट्टीला आली ती पुस्तक माझ्या पुढ्यात टाकूनच. "आज्जी, शिकण्याचे हे दोन सिद्धांत, वर्तनवादी आणि बोधवादी. फरक काय गं? पाठ होतंय, पण समजत नाही."

"मग फरक कळलाच की तुला," मी म्हटलं.

पलूसजवळच्या शाळेत मी नवी मास्तरीण होते, तेव्हा ही नावं मलाही पाठ होती. वय बावीस, डोक्यात हवा. पाढा बिनचूक आला की तळहातावर एक बेदाणा, चुकला की भिंतीशी उभं. महिन्याभरात वर्ग पोपटासारखा बोलू लागला. मी स्वतःवर इतकी खूश, की घरी गेल्यावर आरशासमोर स्वतःलाही एक बेदाणा द्यायची!

एकच पोरगी कायम भिंतीशी. तिच्या आईला मी ऐटीत सांगून टाकलं, "हिला शिकणं जमायचं नाही." आईनं ते खरं मानलं. सोमवारपासून पोरगी द्राक्षबागेत कामाला जाणार, असं ठरलं.

त्याच शनिवारी तपासणीला साहेब आले. पाढा विचारलाच नाही त्यांनी. "बागेत सात ओळी, एकेका ओळीत आठ वेली. एकूण किती?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या लाडक्या हुशार पोरानं हात पसरला, "बाई, कुटला पाढा म्हनू? आदी बेदाना द्या."

साहेब हसले. मला धरणी पोटात घेईना.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "छप्पन." पोरगी खाली बसून धुळीत बोटानं रेघा ओढत होती. "चार वळींचं बत्तीस, तीन वळींचं चोवीस. पाढा मदीच इसरतुया, सायेब. पर बाग दिसतीया न्हवं."

सहा महिने ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिला काय दिसतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिचं घर गाठलं. आई भाकरी थापत होती.

"आवं बाई, तुमीच म्हनला हुता की, जमायचं न्हाई म्हून."

"चुकलं माझं. सोमवारी तिला शाळेत धाडा."

"बाई बी चुकत्यात व्हय?"

"लय."

सोमवारी मी घंटेच्या आधीपासून दारात. आली एकदाची, केसांना तेल चोपडून. म्हटलं, "परवा कसं काढलंस, मलाही दाखव."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग खाली बसा की, बाई. हुबं ऱ्हाऊन न्हाई दिसायचं."