कापणीला गेलेली बायको

काल्हेरच्या एका गोदामात मी आलेल्या आणि गेलेल्या मालाची नोंद ठेवते. कागदावरचा आकडा आणि रॅकमधला माल जुळला नाही की मला चैन पडत नाही. माणसांच्या बाबतीत हा स्वभाव उपयोगाचा नाही, तरी तो जात नाही.

पॅकिंगला असलेली एक मुलगी रोज माझ्याबरोबर डबा खाते. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली. शेलार गावात एका खोलीत भाड्याने राहते. एकटीला खोली द्यायला तिथे कुणी तयार नव्हतं. फार हिंडल्यावर एका काकींनी दिली. दिवाळीनंतर एक दिवस ती म्हणाली, "ताई, खोली सोडतेय. काकींना सांगून टाकलंय."

"का गं?"

"त्यांच्या घरी जातेय राहायला. बायको गेली त्यांची. कायमची, माहेरी."

हे "ते" शेजारच्या गोदामात सुपरवायझर आहेत, एवढं मला माहीत होतं. ते कसे बोलतात, किती बोलतात, हे ती रोज सांगायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मोबाईलमधला फोटो दाखवला. आमच्याच मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात राहणारा माणूस.

त्याची बायको माझ्याशी सगळं बोलते. तिचं म्हणणं, "आमचा माणूस म्हंजे भिंत हाय, वहिनी. जेवायला वाढलं तरी हूं न्हाय का चूं न्हाय." तो आणि हा बोलघेवडा माणूस एकच, हे मला त्या फोटोसमोर जुळवावं लागलं.

"कधी गेली म्हणाला?"

"दिवाळी झाल्यावर लगेच."

"अगं, ती भात कापायला गेलीय. पडघ्याच्या आत तिचं माहेर आहे. दरवर्षी जाते."

तिला हसू आलं. "कापायला? मजूर नाहीत का तिकडे?"

ती चाळीत वाढलेली. आमच्याकडे लग्न झालेली लेकसुद्धा कापणीला माहेरी जाते, झोडणी उरकून नवा तांदूळ घेऊन परत येते, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कपड्यांची पिशवी घेऊन बाई माहेरी गेली आणि आठवडे झाले तरी आली नाही, याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. त्याला खोटं बोलायला फारसे कष्ट पडले नसतील.

"तुम्हाला कसं माहीत?"

"घराची एक किल्ली माझ्याकडे असते. तुळशीला पाणी मी घालते. त्याच्या भरवशावर ती तुळस जगायची नाही."

तिने डबा झाकला. मग म्हणाली, "मला बघायचंय."

"घर तिचं आहे. आत नेणार नाही."

"दारातून बघते."

संध्याकाळी ती आली. तो ड्युटीवर होता. मी पाणी घालायला आत गेले, ती उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभी राहिली. मला वाटलं, ती लग्नाचा फोटो बघेल, साड्यांचं कपाट बघेल. तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"तो एवढा मोठा डबा उघडा का ठेवलाय?"

"तांदळाचा आहे. धुऊन, उन्हात वाळवून गेलीय. नवा तांदूळ येईल ना."

"झाकणपण धुतलंय," ती म्हणाली. मग बराच वेळ डब्याकडेच बघत राहिली. रडेल असं वाटलं, पण तिने फोन काढला आणि जिन्यात जाऊन बोलली, "काकी, मी खोली सोडत नाहीये. कुणाला दिली तर नाही ना?... मग त्यांना नाही म्हणा ना, प्लीज. मी आत्ता येते." माझा निरोपही न घेता ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

बायको पुढच्या आठवड्यात आली. हात कापणीने चिरलेले. मी सांगावं की नाही हे ठरवत होते, तोवर तिनेच दारात विचारलं, "कोन आलती गं, वहिनी? खालच्या मजल्यावरची सांगत होती."

मी होतं तेवढं सांगितलं. ती दचकली नाही. नवऱ्याचं बाहेर कुणीतरी आहे, हे तिला वर्षभर माहीत होतं, फक्त ती मला कधी बोलली नव्हती. तिला वेगळंच काही जाणून घ्यायचं होतं. "तो बोलतो तिच्याशी? काय बोलतो?"

"गोदामाचं. लहानपणचं. विहिरीत पोहायला शिकला ते."

"ईर कुठली?" ती म्हणाली. "मला कधी सांगितलं न्हाय." मग म्हणाली, "आन् मी कायमची गेली, असं सांगितलं व्हय तिला?"

"हो."

"म्हंजे तिला खरं काय सांगितलं, तर ती ईर तेवढी. आन् मला तेबी न्हाय." ती आत जायला वळली, मग थांबली. "खोली मिळाली का तिला परत?"

"मिळाली. काकींनी दुसऱ्यांना नाही म्हटलं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. कुणासाठी बरं झालं, हे मी विचारणार होते. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं, तो आला, आणि ती त्याला म्हणाली, "पोहायला येतं तुला?"