दादाची दुपारची झोप

दादा गेल्याचा फोन रिसोडहून आला, तेव्हा रडण्याआधी मी विचारलं, "गोळ्या कोणी आणून दिल्या?" पलीकडे वहिनी होती. नवरा जाऊन तास झाला नव्हता, त्या बाईला मी हे विचारलं... आज लाज वाटते. पण स्वभावच संशयी. वाशिमला मी व्यसन सोडणाऱ्यांचं समुपदेशन करते. समोरचा 'आता नाही घेत' म्हणाला, की माझी नजर आधी त्याच्या खिशाकडे जाते.

सुधाकरदादा माझा मामेभाऊ. रिसोड-शिरपूर जीप चालवायचा. कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी अफूच्या जातीची, दुखण्याची गोळी दिली. कंबर राहिली बाजूला, गोळीच सुटेना. एकीच्या चार झाल्या. "अवं, हे का दारू हाय? औषध हाय!" म्हणून मलाच वेड्यात काढायचा. शेवटी मीच त्याला केंद्रात भरती केलं. दीड महिन्यानं तो घरी आला आणि माझी पोलीसगिरी सुरू झाली. वहिनीला तांदळाचा डबा उपसायला लावला, त्याच्या जोड्यांत हात घातले, शेजाऱ्यांवर वहीम घेतला. दादा भडकला, "मले चोर समजून राह्यली का तू?" मी म्हटलं, "हो, समजून राह्यले!"

मग त्या दुपारी वहिनीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, जेवून झोपले. केवढे घोरून राह्यले! किती दिसांनी अशी झोप लागली." फोनमधून मलाही ऐकू आलं... घशातली खरखर, मध्येच थांबणारी. आमच्याकडे निजलेल्या माणसाला उठवत नाहीत, त्यात हा तर महिनोन्‌महिने तळमळलेला. "निजू दे," मी म्हणाले, "पोरांना गलका करू देऊ नको." वहिनीनं दार लोटून घेतलं. चहा घेऊन गेली, तेव्हा ओठ निळे पडले होते.

रिकामं पाकीट जीपच्या सीटखाली सापडलं. जुन्या सवयीनं चार गोळ्या एकदम. सवय मोडलेल्या अंगाला जुनं माप झेपत नाही, हे मला तोंडपाठ होतं. सांगितलं तर घ्यायला मोकळीक दिल्यासारखं होईल, म्हणून बोललेच नाही. चोर पकडायच्या नादात माणूस गेला. आणि ते घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. वहिनीला नाही, मला कळायला हवं होतं.

तेरवी झाल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मी हलवलं असतं तं?"

"उठला नसता, तर लगेच रुग्णवाहिका बोलावता आली असती. कदाचित वाचला असता... तू उठवलं नाहीस ते माझ्या सांगण्यावरून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. असं मी आजवर दुसऱ्यांकडे पाहत आले होते.

परवा तिच्याकडे गेले. जेवून जरा डोळा लागला, तोच तिनं खांदा धरून गदागदा हलवलं. "ताई, बोला. नाव सांगा तुमचं!" आता त्या घरात दुपारी कोणी निजलं, की ती असंच करते. मी नाव सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठं तिनं खांदा सोडला.